पाहुण्यांच्या ताटात आपले काय? जालन्याच्या जेवणाचा आरोग्य-अभ्यास



मागच्या महिन्यात परतूर तालुक्यातून एका वाचक ताईंचा फोन आला. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याचे दोन मित्र सुट्टीला त्याच्यासोबत येणार होते. एक दिवस जालना शहरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी भोकरदन-सिल्लोडमार्गे अजिंठा, असा त्यांचा बेत होता. ताई म्हणाल्या, "मॅडम, पाहुण्यांना काय करू? हॉटेलातून पनीरची भाजी, नान आन् गुलाबजाम मागवायचं ठरलंय. पण मला शुगर हाय. लेक माहेरी आलीय, चौथा महिना चालू हाय तिचा, आन् रक्त आठ निघालंय. सगळ्यांला चालंल असं काही सांगा."

मी विचारले, घरी रोज काय करता? ताईंनी सांगितले ते असे: ज्वारीची भाकर, हिवाळ्यात बाजरीची, वरण नाहीतर येसराची आमटी, तिळाची किंवा कारळाची चटणी, मिळेल ती पालेभाजी आणि रविवारी बाजारातून रक्ती किंवा वजडी. मग तेच पाहुण्यांना का वाढत नाही? ताई हसल्या. "ते कसं वाढावं पाहुण्याम्होरं? मागल्या येळी पाहुणे आले तवा रक्तीचं पातेलं पलंगाखाली सरकवलं होतं मी."

हे पलंगाखाली सरकवलेले पातेले माझ्या डोक्यातून जाईना. आरोग्य खात्यात तीस वर्षे नोकरी केली. अंबड-भोकरदनकडच्या गावांतून फिरताना अशी झाकलेली पातेली मी कितीतरी घरांत पाहिली आहेत. आरोग्य सेविका आली की चूल झाकायची आणि साखर घातलेला चहा पुढे करायचा. म्हणून या वेळच्या पानावर आपण हाच प्रश्न अभ्यासासाठी घेऊ. बाहेरगावचा, बाहेरच्या देशातला माणूस जालन्यात आला, तर त्याने इथले काय खावे, आपण काय वाढावे, आणि त्यातले कोणासाठी काय चांगले, काय वाईट.

आधी थोडे दूरचे उदाहरण घेते. अजिंठा-वेरूळला श्रीलंका, थायलंड, जपान, व्हिएतनाम अशा देशांतून बौद्ध प्रवासी येतात. त्यातला व्हिएतनाम देश जेवणाच्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तिथल्या हनोई शहरात गेलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा 'फो' खायला सांगतात. तांदळाच्या शेवया, वरून हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, मांसाचे पातळ काप आणि बाजूला ताटलीभर हिरवा पाला व लिंबू, असा तो पदार्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांचे राज्य असताना, हनोई आणि नाम दिन्ह या भागात तो रूढ झाला. साहेबांसाठी मांस कापून गेल्यावर उरलेल्या हाडांतून हा रस्सा निघाला, असे सांगतात. दक्षिणेत सायगावला, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह शहरात, 'कोम ताम' खातात. कोम ताम म्हणजे कणीचा भात. गिरणीत तांदूळ फुटून जो तुकडा उरायचा, विकला जायचा नाही, तो गरिबाने शिजवला. आज त्याच कणीच्या भाताच्या पाट्या शहरभर लागलेल्या असतात आणि परदेशी माणूस तो मागून खातो. हाडे आणि कणी. आता आपल्या घरातल्या कण्या आठवा.

ज्वारी जात्यावर भरडायची, चाळून पीठ बाजूला काढायचे, वर उरलेल्या कण्या मीठ-पाण्यात सावकाश शिजवायच्या आणि ताक ओतून लसणाच्या चटणीबरोबर खायच्या. माझी आत्या कण्या शिजवताना चुलीवरून हलायची नाही, कारण ढवळले नाही तर बुडाला लागतात. आमच्या पिढीला कण्या म्हटले की दुष्काळ आठवतो, भाकरीपुरते पीठ नसलेले दिवस आठवतात. म्हणून आपण त्या पाहुण्यासमोर ठेवत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र कण्या आणि ताक हे जेवण फार चांगले आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, असतो. कण्यांत तो टिकून राहतो. पोट भरल्याची भावना जास्त वेळ राहते आणि साखर मैद्याच्या नानइतकी झपाट्याने चढत नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून मोठ्या शहरांत ज्वारीचे पदार्थ महाग दराने विकायला लागले. आपल्या जिल्ह्याच्या दगडी ज्वारीला तर अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. पाहुण्याला हे सांगायला काय हरकत आहे?

पण इथेच एक गैरसमज खोडून काढायला हवा. "भाकर आहे, शुगरला चालते," असे म्हणून चार-चार भाकरी खाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले तरी त्यात ४० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ जातात. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते, फक्त सावकाश. ताईंना मी सांगितले, तुमच्या ताटात एक, फार तर दीड भाकर, आणि उरलेली जागा डाळ, भाजी, चटणी, ताक यांनी भरा. गुलाबजाम पाहुण्यांनी खाल्ले तर खाऊ द्या, तुम्ही चाखायलाही घेऊ नका, कारण चाखणे एकावर थांबत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता लेकीच्या रक्ताकडे वळू, कारण खरा घोर तिथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे विहारात पौर्णिमेला वंदनेसाठी बसलेल्या दोन बायांपैकी एक. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की रक्त कमी समजतात. आठ म्हणजे मध्यम पण काळजीचा आकडा. अशा बाईचे नुसत्या अन्नावर भागत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तितक्या त्या घ्यायच्याच. अन्न त्या गोळ्यांच्या जोडीला उभे राहते, त्यांच्या जागी नाही. आणि घरात कोणाला सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

अन्नातून लोह कसे मिळते, ते नीट समजून घ्या. मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावे, असे आपल्या देशाच्या पोषण संस्थेचे मोजमाप आहे. बाजरीच्या दोन भाकरी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम पीठ, यातून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. हुलग्यात तर १०० ग्रॅमला साडेआठ मिलिग्रॅमहून जास्त लोह असते. पण धान्यातले आणि डाळीतले सगळे लोह अंगी लागत नाही. त्यातले थोडेच आतड्यातून रक्तात जाते. आंबट पदार्थ, लिंबू, मोसंबी सोबत असेल तर जास्त जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर कमी जाते. जालन्याच्या माणसाला मोसंबी काय सांगायची! २०१६ साली आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण ती आपण विकतो, किंवा पाहुण्याला सरबत करून साखर घालून देतो. बाजरीची भाकर आणि तिळाची चटणी खाऊन झाल्यावर अर्धी मोसंबी सोलून फोडी खाल्ल्या तर त्या भाकरीतले लोह जास्त अंगी लागेल. शुगरवाल्यांनी रस काढू नये, फोडीच खाव्यात, त्याही मोजून. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्या. आपल्याकडे जेवण संपायच्या आतच चहाचे आधण चढते, ते थोडे उशिरा चढवा.

मांसातले आणि रक्तातले लोह वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर ते अधिक सहज उचलते. रक्ताला लाल रंग देणारे जे हिमोग्लोबिन, त्याच्याच पोटात लोह बसलेले असते. म्हणून रक्ती. बकरा कापताना धरलेले ताजे रक्त मीठ टाकून गोठू द्यायचे, मग उकळत्या पाण्यात शिजवून घट्ट करायचे, त्याचे तुकडे करून कांदा, लसूण, जिरे, हिरव्या मिरचीत परतायचे. तेल थोडेच लागते. बीट खाऊन रक्त वाढते असे सगळे सांगतात, पण बीटामध्ये लोह फारसे नाही, रंग तेवढा लाल आहे. रक्तीत मात्र ते खरोखर आहे. शिवाय बी-बारा हे जीवनसत्त्व धान्य-भाजीत मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांत मिळते, आणि काळीज, म्हणजे कलेजी, हे त्याचे मोठे कोठार आहे. म्हणजे ताईंनी मागल्या वेळी पलंगाखाली जे सरकवले, ते घरातल्या रक्त कमी असलेल्या गरोदर लेकीच्या उपयोगाचे होते. लेकही पाहुण्यांबरोबर पनीरच जेवली असणार.

रक्ती करताना काय सांभाळायचे, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. रक्त हा जंतू वाढायला सगळ्यात सोपा पदार्थ. सकाळी कापलेल्या बकऱ्याचेच आणायचे आणि आणल्याबरोबर शिजवायचे. आपल्या उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिलेले रक्त टाकून द्यावे. शिजल्यावर तुकडा मधोमध कापून पाहा. आत लालसर दिसले तर परत उकळा. व्हिएतनाममध्ये 'तिएत कान' नावाचा एक पदार्थ आहे, त्यात डुकराचे किंवा बदकाचे कच्चे रक्त तसेच गोठवून खातात. डुकरातल्या एका जंतूमुळे तो खाणाऱ्यांना मेंदूज्वर झाल्याच्या, कायमचे बहिरेपण आल्याच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. जुना पदार्थ आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही. आपल्याकडे रक्त शिजवूनच खातात, ही गोष्ट चांगली आहे, ती सोडू नका.

वजडीचेही तसेच. धुवायला वेळ लागतो, कंटाळा करू नये. गरम पाण्यात बुडवून, खरवडून, दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावी. काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले फुगे दिसले तर तो भाग कुत्र्याला टाकू नका. ते फुगे म्हणजे एका किड्याची घरे असतात. कुत्र्याने खाल्ले की तो किडा कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून परत माणसाकडे, खास करून लहान लेकरांकडे येतो. असा भाग जाळा किंवा खोल पुरा. दुसरे, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कलेजी फार खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व अतिशय जास्त असते. कधीमधी चार तुकडे चालतील, रोज वाटीभर नको. अंगठा सुजून ठणकण्याचा आजार, म्हणजे युरिक अॅसिड वाढलेले असेल, त्यांनी काळीज, गुर्दे, वजडी बाजूला ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनीही हात आवरता घ्यावा. पाया-मुंडीच्या रश्श्याने हाडे मजबूत होतात असे म्हणतात, पण हाडातले कॅल्शियम रश्श्यात फार उतरत नाही. कॅल्शियम हवे तर तिळाची चटणी खा, न पाखडलेल्या तिळात ते भरपूर असते. रस्सा चवीसाठी, ऊबेसाठी प्यावा. आजारातून उठलेल्या माणसाला तो बरा वाटतो, एवढे खरे.

आता लाजेबद्दल. ती कुठून आली, हे समजल्याशिवाय पातेले पलंगाखालून निघायचे नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून द्या, असे आपल्या लोकांना सांगितले. कोणी टाकलेले, कोणाचे मेलेले घेऊन जगायचे नाही, हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. आमची आजी सांगायची, आमच्या गावात मढी ओढणे आणि मढ्याचे मांस एकाच वर्षी बंद झाले, आणि ते सोडताना दोन-तीन महिने घरोघर उपासमार झाली, पण माघार कोणी घेतली नाही. आरोग्याच्या अंगानेही तो निर्णय लाखमोलाचा होता. काळपुळीने मेलेले जनावर सोलणाऱ्याला, कापणाऱ्याला, खाणाऱ्याला काळपुळी होऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. आजही कुठे गुरे अचानक मरू लागली, मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून काळे रक्त येत असले, तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पण मढ्याचे मांस सोडणे ही एक गोष्ट आणि सकाळी बाजारातून पैसे मोजून आणलेली ताजी वजडी पाहुण्यापासून लपवणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली. शेजारी नाक मुरडतात, शाळेत लेकराच्या डब्याला नावे ठेवतात, भाड्याची खोली देताना "तुम्ही काय खाता" विचारतात, आणि मग आपणच आपले पातेले झाकतो. आपल्याच मराठवाड्यातले, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. महार आणि मांग समाजाच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, तूप-दूध-तेल नसताना चव कशी आणत होते, हे त्यात त्यांनी नोंदवून ठेवले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. ज्यांच्या पाककृती पुस्तकांत क्वचितच छापल्या गेल्या होत्या, त्या अशा छापून जगभर गेल्या. ज्यांना मिळेल त्यांनी ते जरूर वाचावे. माझ्या मते त्यातले काही पदार्थ आता रोजच्या ताटात परत आणू नयेत, उदाहरणार्थ खूप मीठ लावून वाळवलेल्या चान्या रक्तदाब असलेल्यांनी टाळलेल्याच बऱ्या. शिवाय गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही राज्यात २०१५ पासून बंदी आहे, म्हणून इथे मी बकऱ्याच्याच मांसाचे बोलते आहे. पण काय खायचे आणि काय सोडायचे हे आपण आपल्या तब्येतीकडे पाहून ठरवावे, शेजारच्याच्या नाकाकडे पाहून नव्हे.

सगळे पाहुणे मांस खाणारे नसतात, हेही खरे. व्हिएतनाममध्येच बहुतेक भिक्खू पूर्ण शाकाहारी असतात आणि अनेक उपासक चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात. थायलंड-श्रीलंकेकडच्या भिक्खूंची रीत वेगळी, ते दानात मिळेल ते दुपारच्या आत घेतात. म्हणून आधी विचारावे. विचारल्याने मान कमी होत नाही. आणि शाकाहारी पाहुण्यासाठी जालन्याच्या घरात काय कमी आहे?

धपाट्यांपासून सुरुवात करा. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची, ओवा, कोथिंबीर, तीळ घालून ओल्या फडक्यावर थापायचे. दह्याबरोबर छान लागतात, प्रवासात दोन दिवस टिकतात, आणि अजिंठ्याच्या वाटेवर गाडीत तळलेल्या कुरकुऱ्यांची पाकिटे फोडण्यापेक्षा किती तरी चांगले. येसराची आमटी करा. लग्नघरात येसर भाजण्याचा वास आठवतो ना? धान्य, डाळ, धने, जिरे, खोबरे, मिरची वेगवेगळे भाजून एकत्र दळलेले ते पीठ, त्याची आमटी दहा मिनिटांत होते आणि तेलाच्या तर्रीची गरज पडत नाही. हुलग्याचे शेंगोळे थंडीच्या दिवसांत करा, पण नव्या पाहुण्याला वाटीभरच द्या, सवय नसेल तर पोट फुगते. अंबाडीची भाजी कण्या आणि डाळ घालून, वरून लसणाची फोडणी दिलेली, ही तर माझ्या मते मराठवाड्याची सगळ्यात चांगली भाजी आहे, आणि तिचा आंबटपणा भाकरीतले लोह अंगी लावायला मदतच करतो. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, चिघळ शेतात फुकट मिळते. फवारणी केलेल्या बांधावरची मात्र घेऊ नका. थंडीत पाहुणा आला तर शेतावर हुरड्याला न्या. हुरड्याबरोबर कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी असतेच. गोडाची शेव आणि रेवड्या अलीकडे सोबत आल्या आहेत, त्या नसल्या तरी काही अडत नाही.

हौसेने मिरची जास्त घालण्याची आपली सवय थोडी आवरा. बाहेरच्या माणसाला ठेचा चमचाभर, बाजूला वाढावा. आपल्यालाही पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी ठेचा-भाकर नको. मिठाचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, एवढेच मीठ पुरे म्हणते. आपली खारोडी, पापड, लोणचे, चटणी आणि ठेचा सगळे एकाच ताटात आले तर ते कधीच ओलांडले जाते. व्हिएतनामच्या फोमध्येही माशाच्या खाऱ्या रसामुळे मीठ फार असते. त्या बाबतीत त्यांचे ते चांगले आणि आपले वाईट असे काही नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे एकच, जेवताना ताटलीभर कच्चा स्वच्छ हिरवा पाला समोर ठेवायचा. आपण कोथिंबीर नुसती वरून भुरभुरवतो. कांद्याची पात, मेथीची कोवळी पाने, मुळा, काकडी मिठाच्या पाण्यात धुऊन पाहुण्यापुढे ठेवा, आणि स्वतःही खा.

पाण्याबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय हे पान पुरे होत नाही. टँकरचे पाणी असेल तर पाहुण्याला आणि गरोदर बाईला उकळून गार केलेलेच द्या. नवख्या माणसाचे पोट बहुतेक वेळा पाण्याने बिघडते आणि दोष भाकरीला जातो. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला सामुदायिक खीर-भोजन करणाऱ्या मंडळांनीही लक्षात घ्यावे की एप्रिल-मेच्या उन्हात दुधाची खीर तासाभरात खराब व्हायला लागते. थोडी-थोडी करा, गरम वाढा, उरली तर रात्रीसाठी ठेवू नका.

ताईंना मी शेवटी जो बेत सांगितला तो असा. जालन्यात उतरल्यावर सकाळी धपाटे, दही आणि मोसंबीच्या फोडी. दुपारी भाकर, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, तिळाची चटणी, ताक, आणि मांस खाणारे असतील तर रक्ती. संध्याकाळी कण्या. पनीर हवेच असेल तर मागवा, पण ते पाहुण्याला त्याच्या शहरात रोज मिळते.

पंधरा दिवसांनी ताईंचा परत फोन आला. मुलाने मित्रांना आधीच विचारून घेतले होते. एक मित्र मांस खात नव्हता, त्याने अंबाडीची भाजी तीनदा घेतली आणि येसराची पुडी बांधून नेली. दुसऱ्याने रक्ती खाल्ली आणि त्याची आजीही अशीच करायची, असे म्हणाला. त्याच्या घरात ती बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. ताईंनी स्वतः दीड भाकर खाल्ली, असे त्या म्हणतात, मी विश्वास ठेवला आहे. लेकीला मात्र गोळ्यांनी मळमळते, म्हणून ती मधेच दोन-तीन दिवस सोडते. तिला रात्री जेवणानंतर झोपताना गोळी घ्यायला सांगितले आहे, दूध-चहाबरोबर नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. शौचाला काळे होईल, त्याला घाबरायचे नाही. येत्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, तेव्हा रक्त परत तपासून आकडा कळवते म्हणाल्या आहेत.